तीन आकड्यांत कोंबलेला पाय : हाय-हॅट, मिडी आणि डेटाचे कप्पे

संशोधनाची तयारी करताना 'डेटा गोळा करा' हे वाक्य तुमच्या कानावर शंभर वेळा पडतं. तो डेटा ज्या साच्यात ओतलेला असतो, तो साचा कुणी बनवला, कोणत्या वर्षी, कोणत्या अडचणीतून, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही. साचा इतका सवयीचा झालेला असतो की तो दिसतच नाही. आज अशाच एका साच्याचा इतिहास सांगतो. विषय वरवर अगदी बारका आहे: कॉम्प्युटरवर ड्रम वाजवताना हाय-हॅट खरा का वाटत नाही, आणि तो खरा वाटावा म्हणून गेली चाळीसेक वर्षं लोकांनी काय काय केलं. तुमचा विषय संगीत नसला तरी शेवटपर्यंत वाचा. तुमच्या जनगणनेच्या तक्त्यात, रुग्णालयाच्या नोंदवहीत किंवा भाषेच्या कॉर्पसमध्ये हीच गोष्ट वेगळ्या वेशात बसलेली असते.

आधी वस्तू समजून घेऊ

ड्रमवादकाच्या डाव्या पायाशी एक उभा दांडा असतो. त्यावर दोन झांजा एकमेकींकडे तोंड करून बसवलेल्या. पायाने पेडल दाबलं की वरची झांज खाली येऊन खालचीला टेकते, पाय सैल सोडला की वर जाते. हाच हाय-हॅट. वारकऱ्याच्या हातातला टाळ आठवा. टाळ एकमेकांवर दाबून धरला तर आवाज लगेच मरतो, हलका टेकवून सोडला तर घुमत राहतो. हाय-हॅट म्हणजे पायाने उघडझाप होणारा आणि वरून काठीनेही वाजवता येणारा टाळ, असं म्हटलं तरी चालेल.

आता या एका वाद्यातून काय काय निघतं बघा. पाय घट्ट दाबलेला असताना काठी मारली तर कोरडा 'टिक'. पाय किंचित सैल असेल तर दोन झांजा एकमेकींवर थरथरतात आणि 'श्श' असा सळसळता आवाज येतो. पूर्ण सैल असेल तर लांब 'छ्यांऽऽ'. काठी न लावता नुसता पाय आपटला तर 'चिक'. आपटून लगेच सोडला तर झांजा टाळासारख्या घुमतात. शिवाय काठीचं टोक झांजेच्या पाठीवर पडलं की काठीचा दांडा कडेवर बसला, यानेही आवाज बदलतो.

दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे त्या सारख्या लागणार आहेत. पहिली: 'बंद' आणि 'उघडा' यांच्यामध्ये पायरी नाही, उतार आहे. पाय कुठेही थांबू शकतो. दुसरी: हाताने सुरू केलेला आवाज पाय संपवतो. म्हणजे एका ध्वनीची सुरुवात एका अवयवाकडे आणि शेवट दुसऱ्याकडे. पियानोत असं नसतं. तिथे जे बोट पट्टी दाबतं, तेच ती सोडतं.

घोट्यापासून कमरेपर्यंत

हाय-हॅट तसा तरुण आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एकाच माणसाने अनेक तालवाद्यं वाजवावीत म्हणून पायाची पेडलं आली. १९२० च्या दशकात अमेरिकेत पायाने झांजा आपटण्याची साधनं रुळली. त्यातल्या एकाला 'लो-बॉय' म्हणत, कारण झांजा जमिनीपासून जेमतेम घोट्याच्या उंचीवर असत. तिथे काठी पोचायची नाही. फक्त पाय वाजवणार. त्याच दशकात दांडा लांब झाला, झांजा कमरेच्या उंचीवर आल्या आणि पायाचं वाद्य हातालाही मिळालं. फ्रेंचमध्ये या वाद्याला आजही 'शार्लेस्टन' म्हणतात. नावातच त्या दशकाचा नाच अडकून राहिला आहे.

पुढे १९३० च्या दशकात काउंट बेसीच्या वाद्यवृंदात जो जोन्स याने लय धरून ठेवण्याचं काम मोठ्या ढोलावरून हाय-हॅटवर आणलं. झांज उघडायची, मिटायची, आणि त्या श्वासोच्छ्वासावर सगळा वृंद चालायचा. जॅझमध्ये दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पायाचा 'चिक' हा तर कणाच झाला. हा 'चिक' विसरू नका, शेवटी त्याच्याकडे परत यायचं आहे.

१९८०: दोन यंत्रं, दोन उत्तरं

ड्रमवादक न बोलावता ड्रम वाजवायचे, ही इच्छा जुनी आहे. १९८० साली तिला दोन फार वेगळी उत्तरं मिळाली.

पहिलं रॉजर लिन यांचं एलएम-१. यात खऱ्या ड्रमचे आवाज ध्वनिमुद्रित करून चिपवर साठवलेले होते. म्हणजेच सँपल. किंमत सुमारे पाच हजार डॉलर. प्रिन्ससारख्या कलाकारांनी हे यंत्र आपलंसं केलं. पण यात मोठ्या क्रॅश किंवा राइड झांजा नव्हत्याच. का? साधा हिशेब करू. सेकंदाला सुमारे २८ हजार नमुने आणि प्रत्येक नमुना एका बाइटचा धरला, तर एका सेकंदाच्या आवाजाला २८ हजार बाइट लागतात. मोठी झांज कित्येक सेकंद घुमते, आणि त्या काळी मेमरी चिप महाग. हाय-हॅटचा आवाज लहान, म्हणून तो परवडला. झांजा आल्या १९८२ च्या लिनड्रममध्ये. म्हणजे यंत्रात कोणता आवाज असणार हे सौंदर्यदृष्टीइतकंच चिपच्या भावानेही ठरत होतं.

दुसरं उत्तर रोलँडच्या टीआर-८०८ चं. यात सँपल नाहीत. सहा स्क्वेअर-वेव्ह ऑसिलेटर एकमेकांशी न जुळणाऱ्या स्वरांवर चालवायचे, त्यातली खालची कंपनं गाळून टाकायची आणि उरलेला धातूसारखा खरखराट झटकन किंवा हळू विझवायचा. झटकन विझला तर बंद हाय-हॅट, हळू विझला तर उघडा. एक बारीक पण मोलाची सोय यात होती: उघडा हाय-हॅट घुमत असताना बंद वाजला की उघड्याचा आवाज तिथेच कापला जायचा. पाय नव्हता, पण पायाने आवाज संपवण्याचं काम विद्युतमंडलाने केलं.

१९८२ मध्ये मुंबईत चरणजित सिंग यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून एक तबकडी काढली. त्यात हेच ८०८ आहे. ती ऐकून 'झांज नकली आहे' अशी तक्रार आज कुणी करत नाही. तो आवाज आता स्वतःच एक वाद्य झाला आहे. म्हणून 'खरा वाटणं' हा शब्द वापरताना जरा थांबा. काय खरं वाटतं हे त्या त्या काळाच्या कानावर अवलंबून असतं, आणि कान बदलतात.

१९८३ च्या टीआर-९०९ मध्ये रोलँडने दोन्ही वाटा एकत्र केल्या. ढोल विद्युतमंडलातून, झांजा आणि हाय-हॅट ६ बिटच्या सँपलमधून. ६ बिट म्हणजे आवाजाच्या फक्त ६४ पातळ्या. त्या खरबरीतपणावर पुढे हाउस आणि टेक्नो संगीत उभं राहिलं.

मिडी: कीबोर्डवाल्यांची भाषा

आता आपल्या गोष्टीतला मुख्य साचा. १९८० च्या आसपास प्रत्येक कंपनीचं यंत्र आपापली भाषा बोलायचं. १९८१ मध्ये डेव्ह स्मिथ आणि चेट वुड यांनी ध्वनी-अभियंत्यांच्या अधिवेशनात सर्वांसाठी एका समान जोडणीचा प्रस्ताव मांडला. रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांचा या प्रयत्नात मोठा वाटा होता. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या नॅम प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्सचं प्रॉफेट-६०० आणि रोलँडचं ज्युपिटर-६ एका तारेने जोडून दाखवलं गेलं. स्पर्धक कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलली. मिडीचा जन्म तो.

मिडीचा मूळ संदेश फार साधा आहे: 'अमुक क्रमांकाची पट्टी अमुक जोराने दाबली.' पट्टीचा क्रमांक ० ते १२७, जोर म्हणजे व्हेलॉसिटीही तितकीच. मग दुसरा संदेश: 'पट्टी सोडली.' तार सेकंदाला ३१,२५० बिट वाहते, त्यामुळे तीन बाइटच्या एका संदेशाला सुमारे १ मिलिसेकंद लागतो आणि संदेश एकामागून एक रांगेतच जातात.

हे वर्णन वाचलंत की कळतं, समोर कोण बसलेला माणूस डोळ्यांपुढे ठेवून ही भाषा लिहिली असेल. कीबोर्ड वाजवणारा. पट्टी असते, ती दाबली जाते, सोडली जाते. ही टीका म्हणून सांगत नाही. प्रस्ताव मांडणारे सिंथेसायझर बनवत होते, त्यांना आधी ती अडचण सोडवायची होती, आणि त्यांनी सोडवलेलं उत्तर चाळीस वर्षांहून जास्त टिकलं आहे. पण आपला हाय-हॅट या भाषेत बसवायचा म्हटलं तर उताराला पायऱ्या कराव्या लागतात आणि पायाला 'पट्टी' व्हावं लागतं.

१९९१: ४२, ४४, ४६

मिडीने संदेशाचं व्याकरण दिलं, शब्दकोश दिला नव्हता. एका कंपनीच्या यंत्रात जो क्रमांक ढोलाचा, तोच दुसऱ्यात घंटेचा असू शकायचा. १९९१ मध्ये जनरल मिडी हे प्रमाण आलं आणि हा गोंधळ मिटला. तालवाद्यांसाठी १० नंबरची वाहिनी ठरली. त्यात हाय-हॅटच्या वाट्याला तीन क्रमांक आले: ४२ बंद, ४४ पायाचा, ४६ उघडा.

तुमच्या कॉम्प्युटरवरच्या जवळजवळ प्रत्येक ड्रम-सॉफ्टवेअरमध्ये आजही हेच तीन आकडे चालतात. कीबोर्डवर बघितलं तर तिन्ही ओळीने काळ्या पट्ट्या आहेत, तीन बोटांखाली आरामात येतात. सोय उत्तम. पण काय झालं ते नीट बघा. पायाचा सलग उतार होता, त्याचे दोन टप्पे झाले. पाय आपटून घुमवणं या यादीत नाहीच. काठीचं टोक की कड, हा फरकही नाही. आणि 'आवाज पाय संपवतो' ही गोष्ट एका क्रमांकात मावत नाही, कारण ती दोन घटनांमधलं नातं आहे.

तबला शिकलेल्यांना हा पेच ओळखीचा वाटेल. वहीत आपण 'धा' लिहितो. डग्ग्यावर मनगट किती सरकलं, घुमारा किती चढला, हे त्या अक्षरात नसतं. ते गुरूच्या हाताकडे बघून उचलावं लागतं. लिहिलेला बोल निकामी आहे असं आपण म्हणत नाही, पण वही म्हणजे वादन असंही समजत नाही. मिडीच्या बाबतीत मात्र हा विवेक सुटतो, कारण ही वही स्वतःच वाजते.

खऱ्यासारखा वाजवण्याची धडपड

यानंतरचा इतिहास म्हणजे साच्यात न मावलेलं एकेक करून परत आणण्याचा इतिहास. स्वतः प्रोग्रामिंग करणाऱ्यांना यातून कामाच्या युक्त्याही मिळतील.

पहिली गोष्ट चोक ग्रुप. ४२, ४४ आणि ४६ यांना एका गटात घालायचं आणि नियम करायचा की गटातला नवा आवाज आधीच्याला गप्प करेल. ८०८ च्या विद्युतमंडलात जे होतं ते इथे नियम म्हणून लिहिलं गेलं. साउंडफॉन्टसारख्या सँपल-फायलींत यासाठी वेगळा रकानाच आहे. हा गट लावायचा राहिला तर उघडी झांज बंद झांजेच्या खालून घुमत राहते, आणि ऐकणाऱ्याला कारण कळलं नाही तरी काहीतरी खोटं आहे हे कळतं. एका दांड्यावर दोन हाय-हॅट कसे असतील?

दुसरी, व्हेलॉसिटीचे थर. हळू मारलेली झांज म्हणजे जोरात मारलेल्या झांजेचा आवाज कमी केलेला नसतो. तिचा पोतच वेगळा असतो. म्हणून वेगवेगळ्या जोराने मारलेले वेगवेगळे सँपल ठेवतात आणि १ ते १२७ चा पट्टा त्यांच्यात वाटून देतात.

तिसरी, राउंड रॉबिन. एकच सँपल सोळा वेळा वाजवला तर 'मशीनगन' ऐकू येते, कारण निसर्गात दोन आघात हुबेहूब सारखे नसतात. म्हणून एकाच जोराचे चार-सहा सँपल पाळीपाळीने वाजवतात. हे सगळं करायला जागा लागते. १९९८ च्या गिगासँपलरने सँपल मेमरीत न भरता थेट हार्ड डिस्कवरून वाचायला सुरुवात केली, आणि एलएम-१ च्या काळातली मेमरीची टंचाई जवळजवळ संपली. २००३ चं बीएफडीसारखं सॉफ्टवेअर याच वाटेवर आलं.

चौथी गोष्ट खुद्द पाय. मिडीच्या मूळ यादीत ४ नंबरचा कंट्रोलर 'फूट कंट्रोलर' म्हणून होताच. इलेक्ट्रॉनिक ड्रम-सेट आले, रोलँडचं टीडी-१० १९९७ मध्ये आलं, तसा हा कंट्रोलर हाय-हॅटच्या पेडलची जागा सांगण्यासाठी रुळला. आता उतार परत आला, निदान १२८ पायऱ्यांचा. यात तीन गोष्टी सांभाळा. हा संदेश नोटेच्या आधी पोचला पाहिजे, नाहीतर आघात जुन्याच जागेवर पडतो. शून्य म्हणजे उघडा की बंद, हे प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये तपासा, कारण सगळीकडे एकच रीत नाही. आणि उघडा आवाज संपवताना कंट्रोलर नुसता खाली आणू नका, पाय टेकल्याचा हलका 'चिक'ही ठेवा. खऱ्या पायाचा तो आवाज होतोच.

यातून काय साधतं याचं एक टोकाचं उदाहरण देतो. स्वीडनच्या मेशुगा या बँडचा टोमास हाके हा भल्याभल्यांना धडकी भरवणारा ड्रमवादक. २००५ च्या 'कॅच थर्टीथ्री' या अल्बममध्ये बँडने ड्रम प्रोग्राम केले, आणि त्यासाठी 'ड्रमकिट फ्रॉम हेल' हा सँपल-संग्रह वापरला, ज्यातले आघात खुद्द हाकेचेच होते. म्हणजे वादक तोच, आघात त्याचेच, वादन मात्र झालेलंच नाही. अशा ठिकाणी 'हे कुणी वाजवलं?' या प्रश्नाचं उत्तर देऊन बघा.

वेळेचा प्रश्न

आवाज सुधारला तरी वेळ उरतेच. एलएम-१ पासूनच चुकलेला ठोका जवळच्या चौकटीत ओढण्याची आणि झोल म्हणजे स्विंग देण्याची सोय आली. १९८८ च्या एमपीसी-६० मध्ये एका मात्रेचे ९६ भाग होते. मिनिटाला १२० मात्रांच्या गतीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, म्हणजे एक भाग साधारण ५.२ मिलिसेकंदांचा. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्रेचे ४८० भाग सर्रास असतात, म्हणजे त्याच गतीत भाग जेमतेम १ मिलिसेकंदाचा.

स्विंग टक्क्यांत देतात. ५० टक्के म्हणजे जोडीतले दोन्ही ठोके समान, ६६ टक्के म्हणजे पहिला दुसऱ्याच्या दुप्पट लांब. सोपं आहे. पण खरे वादक टक्के मोजतात का? अँडर्स फ्रिबर्ग आणि आंद्रेआस सुंडस्ट्रोम यांनी २००२ मध्ये जॅझ ध्वनिमुद्रणांतलं झांजवादन मोजलं. गती वाढते तसं हे गुणोत्तर कमी होत जातं. मध्यम आणि जलद गतीत जोडीतला लहान ठोका साधारण १०० मिलिसेकंदांवर स्थिर राहतो. हिशेब करून बघा. मिनिटाला २०० मात्रा असतील तर मात्रा ३०० मिलिसेकंदांची, म्हणजे २०० आणि १००, गुणोत्तर २:१. ३०० मात्रा असतील तर मात्रा २०० ची, म्हणजे १०० आणि १००, गुणोत्तर १:१, स्विंग संपला. गती बदलून टक्के तेच ठेवले की जॅझ अवघडतो, तो यामुळे.

मग 'ह्युमनाइझ' बटण? ते बहुतेक वेळा प्रत्येक ठोका यादृच्छिकपणे थोडा मागेपुढे सरकवतं. १९८२ च्या मायकेल मॅकडोनाल्ड यांच्या 'आय कीप फरगेटिन' या गाण्यात जेफ पोर्कारो याने एका हाताने हाय-हॅटवर सोळांश ठोके वाजवले आहेत. एसा रासानेन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये या वादनाचं विश्लेषण केलं. ठोक्यांमधलं अंतर आणि जोर दोन्ही हलतात, पण स्वैर हलत नाहीत. आत्ताच्या ठोक्याचा खूप पुढच्या ठोक्यांशी संबंध राहतो, आणि जोरात दोन-दोन आवर्तनांचे आकृतिबंध सापडतात. म्हणजे माणसाचं विचलन हा आठवण असलेला गोंधळ आहे; बटणाचा गोंधळ मात्र विसराळू. २०११ मध्ये होल्गर हेनिग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की श्रोत्यांनाही अशी दूरवर संबंध राखणारी विचलनं स्वैर विचलनांपेक्षा जास्त आवडली.

इथे थांबलात तर गोष्ट फार गोड होते. २०१३ मध्ये मॅथ्यू डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी जॅझ, फंक आणि सांबाचे छोटे ठेके ऐकवून श्रोत्यांना ग्रूव्ह किती जाणवतो ते विचारलं. वेळेतलं विचलन वाढवत नेलं तसं मानांकन सर्वसाधारणपणे घसरलं. चार्ल्स काइल यांनी १९८७ मध्ये मांडलं होतं की संगीताची ताकद वादकांच्या अशा बारीक विसंगतींत असते. त्या प्रसिद्ध मांडणीला हा चांगलाच धक्का होता. दोन्ही निष्कर्ष एकत्र कसे वाचायचे? आधी हे बघा की दोन्हीकडे प्रश्न एक नव्हता. एकीकडे स्वैर आणि संबंधित विचलनांची तुलना होती, दुसरीकडे विचलन किती असावं याची. 'विचलन चांगलं की वाईट' असा प्रश्न विचारला तर दोन्ही निबंध भांडताना दिसतील. नीट विचारला तर दोघांनाही जागा आहे.

'चिक' कुठे गेला?

आता ज्यासाठी इतका फेरफटका मारला ते. २०१९ मध्ये गुगलच्या मॅजेंटा गटाने ग्रूव्ह मिडी डेटासेट खुला केला. १० ड्रमवादक, १३.६ तासांचं वादन, रोलँडच्या टीडी-११ या इलेक्ट्रॉनिक ड्रम-सेटवर वाजवलेलं. संशोधकांसाठी हा खजिनाच आहे. मूळ फायलींत हाय-हॅटच्या काठ आणि पाठ यांचे वेगळे क्रमांकही आहेत. पण या डेटावरच्या मूळ कामात मॉडेलला शिकवताना सगळे क्रमांक ९ गटांत आणले गेले. त्यात हाय-हॅटचे दोन गट: बंद आणि उघडा. पायाचा ४४ हा बंदच्या गटात, ४२ बरोबर, गेला.

तसं करण्यात गैर काहीच नव्हतं. गट कमी असले की मॉडेल शिकणं सोपं जातं, त्यांना जो प्रश्न सोडवायचा होता त्याला एवढं पुरेसं होतं, आणि त्यांनी ते उघड सांगितलं. पण समजा तुम्ही तोच ९ गटांचा डेटा उचलला आणि प्रबंधाचा प्रश्न घेतला, 'जॅझ आणि फंकमध्ये हाय-हॅटचा वापर कसा वेगळा आहे?' जॅझमधला दुसऱ्या-चौथ्या मात्रेवरचा पायाचा 'चिक' तुमच्या तक्त्यात हाताने मारलेला बंद हाय-हॅट म्हणून मोजला जाईल. आलेख सुबक येईल. सांख्यिकी चाचणीही पास होईल. आणि जो जोन्सच्या काळापासून डाव्या पायाने केलेलं काम तुमच्या प्रबंधात उजव्या हाताच्या नावावर चढेल. परीक्षकांनाही कदाचित कळणार नाही, कारण तेही तोच तक्ता बघत असतील.

ही साखळी उलटी चालून बघा. २०१९ चे दोन गट १९९१ च्या तीन क्रमांकांवर उभे आहेत. ते तीन क्रमांक १९८३ च्या 'पट्टी दाबली, सोडली' या व्याकरणावर. आणि ते व्याकरण सिंथेसायझर बनवणाऱ्यांच्या गरजेवर. प्रत्येक पायरीवरचा निर्णय शहाणपणाचाच होता. तरीही शेवटी पाय गायब झाला. २०२० मध्ये मिडी २.० आलं. त्यात व्हेलॉसिटीला १६ बिट मिळाले, एकेका नोटेला स्वतःचे कंट्रोलर मिळाले. पुढच्या नोंदींत जास्त बारकावे मावतील. पण मधल्या काळात ४२-४४-४६ मध्ये लिहिल्या गेलेल्या असंख्य फायलींत जे कधी नोंदलंच नाही, ते परत येणार नाही.

तुमच्या कामासाठी चार प्रश्न

कोणताही तयार डेटा हातात घेतलात की त्याला हे विचारा, आणि उत्तरं पद्धतीच्या प्रकरणात लिहून ठेवा.

एक: हे कप्पे कोणत्या वर्षी, कुणी आणि कोणती अडचण सोडवायला पाडले? उत्तर बहुतेक वेळा प्रमाणाच्या मूळ दस्तऐवजात, यंत्राच्या मॅन्युअलमध्ये किंवा कोडबुकमध्ये सापडतं. ही कंटाळवाणी कागदपत्रं इतिहासाची अस्सल साधनं आहेत. ती पुरवणी समजून बाजूला टाकू नका.

दोन: जे नोंदीत दिसत नाही ते घडलं नव्हतं, की लिहायला जागा नव्हती? जनरल मिडीत पायाने घुमवलेली झांज नाही, याचा अर्थ १९९० च्या दशकात कुणी ती वाजवत नव्हतं असा होत नाही.

तीन: मधल्या कुणी कप्पे आणखी एकत्र केले आहेत का? शक्य असेल तिथे साफसूफ केलेली आवृत्ती आणि मूळ फाइल शेजारी ठेवून बघा. तपासायला एक दुपार जाते. न तपासल्यास तीन वर्षं जाऊ शकतात.

चार: माझा प्रश्न कप्प्यांच्या आत आहे की दोन कप्प्यांच्या मध्ये? मध्ये असेल तर हा डेटा कितीही मोठा असला तरी तुमच्या कामाचा नाही. मग मूळ ध्वनिमुद्रण ऐका, वादकाशी बोला, किंवा प्रश्न बदला. तिन्ही मार्ग सन्मानाचे आहेत.

सराव करायचा असेल तर एखाद्या गाण्यातली हाय-हॅटची आठ आवर्तनं निवडा आणि तीनदा लिहा: आधी फक्त बंद आणि उघडा, मग ४२-४४-४६, मग पायाच्या कंट्रोलरसह. दर वेळी मूळ ऐका आणि काय निसटलं ते एका वाक्यात नोंदवा. ती तीन वाक्यं म्हणजे तुमच्या डेटाच्या मर्यादांबद्दलचा परिच्छेद लिहायची पहिली तालीम.